मात्रांचा हिशेब

रायपुरास बदलून आलेल्या आम्हां मराठी मंडळींच्या कानी हळूहळू जी लय बसते, ती तुलसीदासांच्या चौपाईची. तिच्या चरणात मात्रा सोळा. आपल्या पादाकुलकातही तितक्याच. लघुगुरूंच्या किती निरनिराळ्या जुळण्यांनी या सोळा मात्रा भरता येतील? प्रश्न रिकामपणाचा वाटतो खरा. परंतु अशाच प्रश्नाच्या पोटी एक जगप्रसिद्ध संख्यामाला जन्मास आली.

लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. एक मात्रा एकाच रीतीने भरते, दोन मात्रा दोन रीतींनी, तीन मात्रा तीन रीतींनी. चार मात्रांच्या शेवटी लघू असेल, तर आधी तीन मात्रा उरतात. गुरू असेल, तर दोन. म्हणून तीन अधिक दोन, अशा पाच रीती. याच न्यायाने पुढे ८, १३, २१, ३४. आणि सोळा मात्रांस, अन्य बंधन न पाळल्यास, १५९७. प्रत्येक संख्या मागील दोहोंची बेरीज!

हा नियम विरहांकाने सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान आपल्या 'वृत्तजातिसमुच्चया'त सांगितला. ११५० च्या सुमारास हेमचंद्राने तो पुन्हा मांडला. पिसा नगरीच्या लिओनार्दोने १२०२ साली सशांच्या वंशवृद्धीचे कोडे घातले, त्याचेही उत्तर हेच निघाले. एकोणिसाव्या शतकात ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने या मालेस लिओनार्दोचे 'फिबोनाची' हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. विरहांकाचा ग्रंथ संपादून १९६२ साली जोधपूरहून अभ्यासकांच्या हाती दिला तो मुंबईच्या ह. दा. वेलणकरांनी, हे आपण अभिमानाने स्मरावे.

याच छत्तीसगडात या विद्येचा आणखी एक उपासक होऊन गेला. जगन्नाथप्रसाद 'भानु' १८५९ साली नागपुरात जन्मले, बंदोबस्त खात्यात अधिकारी झाले आणि बिलासपुरास स्थायिक झाले. १८९४ साली त्यांनी 'छंदःप्रभाकर' हा ग्रंथ सिद्ध केला. मात्रावृत्तांचे प्रस्तार व त्यांच्या संख्या मोजण्याच्या जुन्या रीती त्यात हिंदी वाचकांसाठी उलगडल्या आहेत. ज्यांच्या खात्याचे काम जमिनीच्या मोजणीचे, त्यांनी शब्दांचीही मोजणी केली!

या मालेचे वेड लोकांस का लागावे? सूर्यफुलातील बियांच्या वळणांत ३४ व ५५ या संख्या वारंवार आढळतात. लागोपाठच्या दोन संख्यांचे गुणोत्तर १.६१८ च्या जवळ जवळ सरकत जाते. मग प्रत्येक शंखात नि प्रत्येक देवळात मोजमाप न करताच ती पाहण्याचा मोह होतो. तो आवरलाच पाहिजे. तसेच 'हे आमचेच' म्हणून लिओनार्दोचे श्रेय नाकारण्याचेही कारण नाही. छंदःशास्त्री अक्षरे मोजीत होते, तो ससे मोजीत होता. प्रश्न निराळे असून उत्तर एक यावे, हेच खरे आश्चर्य होय.

बदलीच्या गावी उरलेल्या वेळाचे काय करावे, हा आम्हां सर्वांचा नित्याचा प्रश्न. भानूंच्या मोजणीची दप्तरे आज कोण उघडतो? छंदांच्या अभ्यासकास मात्र त्यांचा ग्रंथ अद्याप उघडावा लागतो.