कोलंबियातील विषय आणि आपली मुले

जुलै 1913 मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. त्या मुदतीत त्यांनी अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4 आणि राज्यशास्त्राचे 3 अभ्यासक्रम घेतले.

या व्यासंगाचे फळ 9 मे 1916 रोजी दिसले. प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वंश, वर्ण वा व्यवसाय यांत जातीचे मूळ शोधणारे सिद्धान्त तेव्हा प्रचलित होते. पंचवीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात असल्याचे दाखवले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा बंदिस्त गटातील स्त्री-पुरुषांच्या संख्येचा तोल राखण्यासाठी रूढ झाल्या, अशी त्यांची मांडणी होती. पुढे 1936 मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या पुस्तकात त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला, त्यामागे हेच निदान होते.

बाबासाहेबांनी चरितार्थाचीही उपेक्षा केली नाही. ते बॅरिस्टर झाले आणि 1923 पासून मुंबईत वकिली करू लागले. मात्र त्यांनी मुंबईत 1946 मध्ये सिद्धार्थ आणि औरंगाबादेत 1950 मध्ये मिलिंद महाविद्यालय उभे केले, तेव्हा तेथे विज्ञानाबरोबर कला शाखेलाही स्थान दिले. मिलिंदमध्ये मराठी शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या ‘अस्मितादर्श’ने दलित साहित्याच्या कित्येक लेखकांना पहिले व्यासपीठ दिले.

कॅरीतील आपली बरीचशी घरे माझ्यासारख्या संगणक अभियंत्यांची आहेत. चॅपेल हिल, ड्यूक आणि एनसी स्टेट ही विद्यापीठे अगदी जवळ आहेत. तरीही मुलीने इतिहास घेईन म्हटले, की पहिला प्रश्न नोकरीचा येतो. तो प्रश्न रास्त आहे. शिक्षणाचा खर्च मोठा आहे, आणि एका पदवीच्या बळावर वस्तीतून वर आलेल्या आई-वडिलांची धास्ती आपण जाणतो. परंतु येथील विद्यापीठांत मुख्य विषयासोबत दुय्यम विषय घेता येतो. संगणकशास्त्राच्या जोडीला समाजशास्त्र वा मानववंशशास्त्र निवडणाऱ्या मुलांना आपण अडवू नये, आणि केवळ इतिहासच शिकू पाहणाऱ्या मुलीच्या पाठीशी समाज म्हणून उभे राहावे. अमेरिकेतही आता जातीविषयी लिहिले-बोलले जाते. त्या चर्चेत आपली मुले नसतील, तर आपला इतिहास पुन्हा इतरच सांगतील.