लोलार्क कुंड आणि पांढरा डाग

देशावरून पाहुणे आले, की विश्वेश्वराचे दर्शन उरकून आम्ही काशीकर मराठी मंडळी त्यांस भदैनीतील लोलार्क कुंडावर नेतो. या चिरेबंदी कुंडाच्या बांधणीत अहल्याबाई होळकर, अमृतराव पेशवे व कूचबिहारचा राजा यांचा हात होता असे सांगतात. भाद्रपद शुद्ध षष्ठीस येथे सूर्याचे स्मरण करून स्नान केल्यास संतती लाभते, त्वचारोग जातात, अशी श्रद्धा आहे. त्या पायऱ्यांवर मुलीच्या मनगटावरील पांढरा डाग झाकणारी आई दिसली, की आमच्या मनात येते : ही माउली कोणता अपराध धुऊ पाहते आहे?

कोडाला अपराध चिकटला तो फार पूर्वी. असत्य भाषण, कृतघ्नता, देवनिंदा, पूर्वकर्म ही कारणे चरकसंहितेत विरुद्ध आहाराच्या जोडीने दिली आहेत. मनुस्मृतीने तर कोड असलेल्या कुळाशी सोयरीकच वर्ज्य ठरविली. पुढे ‘श्वेतकुष्ठ’ या नावाने ते महारोगाच्या पंगतीस बसले. वास्तविक महारोगाचा जंतू हान्सेनने १८७३ साली शोधला; कोड मात्र जंतूने होत नाही आणि स्पर्शाने पसरतही नाही.

मग कारण कोणते? शरीर स्वतःवर शस्त्र उगारणे टाळते, असे विसाव्या शतकाच्या आरंभी एरलिखने मांडले होते. १९५६ साली रोझ व विटेब्स्की यांनी सशांस सशाच्याच थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचला, तेव्हा त्यांच्या शरीराने स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला केला. कोडातही रक्तातील रक्षक पेशी त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा नाश करतात. आनुवंशिक प्रवृत्तीला एखादे बाह्य निमित्त मिळते आणि पहारेकरी घरच्यांनाच चोर समजतात. अशा पहारेकऱ्यांना आवर घालणाऱ्या पेशींच्या शोधाबद्दल साकागुची, ब्रंको व रॅम्सडेल यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नवल हे, की जुने वैद्य बावची देऊन रोग्यास उन्हात बसवीत. बावचीतील सोरालेन हे द्रव्य १९३३ साली वेगळे काढण्यात आले, आणि प्रकाशोपचार आजही चालतो. मात्र तो वैद्यकीय देखरेखीखालीच करावा. पूर्वजांना उपायाची वाट सापडली होती. चुकले ते कारण. कुंडात स्नान अवश्य करावे; पण त्या आईने अपराधाचे ओझे पायरीवरच ठेवून यावे, आणि सोयरीक जुळविणाऱ्यांनी ते पुन्हा उचलू नये.