न्यू यॉर्क आधी होतं ‘न्यू ॲमस्टरडॅम’. एकही गोळी न झाडता इंग्रजांनी ते कसं घेतलं?

न्यू यॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर एकेकाळी खरंच भिंत होती. इंग्रजांच्या हल्ल्याच्या भीतीने डचांनी ती 1653 मध्ये बांधली. त्यासाठी गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांनाही राबवलं गेलं. 1664 मध्ये इंग्रज आले, पण समुद्रातून. भिंत काहीच कामाला आली नाही.

डच तिथे कसे पोहोचले?

1609 मध्ये हेन्री हडसन या भागात आला. तो इंग्रज होता, पण नोकरी डच ईस्ट इंडिया कंपनीची करत होता. बीव्हरच्या कातड्यांचा फायदेशीर व्यापार पाहून डच वेस्ट इंडिया कंपनीने 1624 पासून इथे वस्ती उभारली.

मॅनहॅटन खरंच 60 गिल्डरला विकलं गेलं?

1626 च्या एका डच पत्रात तसा उल्लेख आहे. मात्र, जमिनीची कायमची विक्री ही कल्पनाच मूळ रहिवासी लेनापे लोकांमध्ये नव्हती, असं अनेक इतिहासकार मानतात. त्यांच्या दृष्टीने हा जागा एकत्र वापरण्याचा करार असावा. पुढे 1643 ते 1645 दरम्यान डच आणि मूळ रहिवाशांमध्ये रक्तरंजित युद्ध झालं.

1664 मध्ये काय घडलं?

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने हा प्रदेश परस्पर आपला भाऊ जेम्स, ड्यूक ऑफ यॉर्क याला देऊन टाकला. (याच चार्ल्सला 1661 च्या विवाह करारात पोर्तुगिजांकडून मुंबई आंदण मिळाली होती.) रिचर्ड निकोल्स 4 जहाजं घेऊन बंदरात आला.

गव्हर्नर पीटर स्टायवेसंटला लढायचं होतं. पण किल्ल्यात दारूगोळा कमी होता आणि नागरिकांना शहराची राखरांगोळी नको होती. शरणागतीची मागणी करणाऱ्या 93 जणांच्या अर्जावर स्टायवेसंटच्या मुलाचीही सही होती! अखेर 8 सप्टेंबर 1664 ला शहर इंग्रजांकडे गेलं आणि ड्यूकच्या नावावरून ‘न्यू यॉर्क’ झालं.

डचांचं पुढे काय झालं?

शरणागतीच्या अटींनुसार त्यांची मालमत्ता, वारसाहक्काच्या रूढी आणि धर्मस्वातंत्र्य कायम राहिलं. गुलामांच्या वाट्याला मात्र हे स्वातंत्र्य आलं नाही. 1673 मध्ये डचांनी शहर परत जिंकलं, पण 1674 च्या वेस्टमिन्स्टर तहात ते कायमचं सोडलं.

नेदरलँड्समधल्या ब्रोकेलेन आणि हारलेम या गावांची नावं आजही ब्रुकलिन आणि हार्लेमच्या रूपात तिथे टिकून आहेत.