गुलाम मोहम्मद यांचा हक

१९७३ सालच्या फिल्मफेअर पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट संगीताच्या नामांकनांमध्ये 'पाकीजा' होता आणि 'बेईमान'ही. पुरस्कार मिळाला 'बेईमान'ला. पन्नास वर्षं उलटली, तरी जुन्या गाण्यांच्या शौकिनांचा हा वाद काही मिटत नाही.

'पाकीजा'चे संगीतकार गुलाम मोहम्मद मूळचे बिकानेरचे. तबला आणि ढोलक हाडीमांसी खिळलेले. अनेक वर्षं त्यांनी नौशाद यांचे साहाय्यक म्हणून काम केलं. स्वतंत्रपणे केलेल्या 'मिर्झा गालिब'ने (१९५४) त्यांना नाव दिलं. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. पुढे 'पाकीजा' वर्षानुवर्षं रखडला. मार्च १९६८ मध्ये गुलाम मोहम्मद वारले आणि चित्रपट लागला फेब्रुवारी १९७२ मध्ये. पार्श्वसंगीत नौशाद यांनी पुरं केलं. लताबाईंच्या आवाजातले ते मुजरे देशभर गाजले, पण ते ऐकायला त्यांचा कर्ता नव्हता.

काही जण म्हणतात, गेलेल्या माणसाला पुरस्कार कसा द्यायचा? ही सबब टिकत नाही. एक तर नामांकन दिलंच होतं. दुसरं म्हणजे, 'बेईमान'चा पुरस्कार शंकर-जयकिशन या जोडनावाने दिला गेला, आणि जयकिशनही सप्टेंबर १९७१ मध्येच गेले होते. यात शंकर यांचा दोष नाही. दोस्ताचं नाव त्यांनी पडद्यावर जिवंत ठेवलं, ही त्यांची वफादारीच. पण या जोडीला 'पहचान' आणि 'मेरा नाम जोकर'साठी आधीची लागोपाठ दोन वर्षं हाच पुरस्कार मिळाला होता. गुलाम मोहम्मद यांना तो एकदाही मिळाला नाही.

त्या वर्षी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा पुरस्कार प्राण यांना जाहीर झाला होता, तोही 'बेईमान'मधल्याच भूमिकेसाठी. त्यांनी तो नाकारला. संगीताचा पुरस्कार 'पाकीजा'चा होता, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्यांच्यासाठी ते बोलले, ते कबरीत होते. आभार मानायलाही येणार नव्हते. स्वतःच्या चित्रपटाविरुद्ध आणि स्वतःच्या पदरात पडलेलं सोडून असं बोलणं सोपं नसतं.

मराठीत हक्क म्हणजे अधिकार. उर्दूत 'हक'चा आणखी एक अर्थ आहे, सत्य. गुलाम मोहम्मद यांना पहिला मिळाला नाही. दुसरा मात्र प्राण यांनी त्यांच्या पदरात टाकला.