दोन्ही बाजूंनी सारखी वाचली जाणारी संख्या

12345678987654321. सतरा अंकी संख्या. केवढी मोठी? आमच्या सिद्धेश्वर धरणात सुमारे 25 कोटी घनमीटर पाणी मावतं. या संख्येइतके मिलिलिटर पाणी साठवायचं, तर अशी पन्नासेक धरणं लागतील.

पण तिची खरी गंमत आकारात नाही. 111111111 ला त्याच संख्येने गुणा, हीच संख्या येते. वहीत उभा गुणाकार मांडला की कारण दिसतं. नऊ ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. रकान्यांच्या बेरजा 1 पासून 9 पर्यंत चढतात आणि तशाच उतरतात. कुठेच हातचा येत नाही. दहा एकांचा वर्ग करून बघा, मधल्या रकान्यात 10 येतात, हातचा धरावा लागतो आणि 1234567900987654321 असं काहीतरी हाती लागतं. एका हातच्याने सगळी शिडी मोडते.

अशा संख्यांना 'वंडरफुल डेमलो' हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म 1905, डहाणू. शिक्षण फर्ग्युसन कॉलेजात, पुढे देवळालीत 1930 ते 1962 शाळामास्तरकी. डेमलो म्हणजे डोंबिवली स्टेशन, तिथे त्यांना ही कल्पना सुचली! पदव्युत्तर पदवी नव्हती, त्यामुळे अनेक विद्वान त्यांच्या कामाला पोरखेळ समजत. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. तोवर मास्तर निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

उर्दू शिकवणाऱ्याला ही संख्या आणखी एका कारणाने आवडते. उर्दू लिहिताना लेखणी उजवीकडून डावीकडे चालते, पण आकडा आला की उलटी फिरते. मुलं इथेच अडखळतात. ही वळणाची जागा हजारेक वर्षांहून जुनी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझमी यांनी हिंदी अंकगणितावर ग्रंथ लिहिला. अंक अरबीत गेले, लिपीची दिशा वेगळी असूनही त्यांची मांडणी तशीच राहिली, मोठं स्थान डावीकडे. अरब आजही त्यांच्या अंकांना 'अरकाम हिंदिया' म्हणतात, आणि युरोप आपल्या अंकांना अरबी. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव दोघांनीही ठेवलं. हल्ली मात्र शून्य कुणाच्या बापाचं यावर भांडणाऱ्या पोस्टी रोज फिरतात.

आणि आपण? मराठीत 'एकवीस', उर्दूत 'इक्कीस', अरबीत 'वाहिद व इश्रून': तिघांच्याही तोंडी आधी एकक येतो, मग दशक. उर्दूत ही संख्या वाचायला अरब, खरब, नील, पदम अशी नावं आहेत: बारा पदम चौतीस नील छप्पन खरब अठ्ठ्याहत्तर अरब अठ्ठ्याण्णव करोड शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस.

आता लेखणी उजवीकडून चालवा की डावीकडून, कागदावर उमटणारे अंक तेच राहतात.