इज्जत आणि काळी मिरी

पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांपैकी बहुतेकांना लिहितावाचता येत नव्हते. पत्र पलटणीतल्या एखाद्या जाणत्याकडून लिहून घ्यायचे, गावी ते कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि वाटेत ते सरकारी तपासनीसांच्या नजरेखालून जायचे. एव्हलिन हॉवेल या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली या पत्रांतील उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर होई. त्यांतील निवडक पत्रे डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. (मराठा पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियात लढल्या, म्हणून या संग्रहात पंजाब व सरहद्दीचाच आवाज मोठा आहे.)

या पत्रांत 'इज्जत' हा शब्द वारंवार भेटतो. रणात मरण आले तर कुळाचे नाव राहील, पाठ दाखवली तर बुडेल. पण त्याच पत्रव्यवहारात भावाला, पुतण्याला बजावलेलेही आढळते, की भरती होऊ नकोस. कोणी सांकेतिक भाषेत कळवतो, की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. तपासनीसांना ही युक्ती सहज उमगली होती.

इज्जतीची भाषा सरकारला दाखवण्यापुरती आणि भीती तेवढी खरी, असा अर्थ काढणे सोपे आहे. आम्हांला तो पटत नाही. इज्जत एकट्या शिपायाची नव्हती, घराण्याची होती. एकाने लढावे, दुसऱ्याने शेत आणि वंश राखावा, हा त्याच पुरुषार्थाचा हिशेब होता. त्यामुळे धाकट्याला 'येऊ नकोस' म्हणणे भित्रेपणाचे ठरत नव्हते. ते थोरल्याचे कर्तव्यच होते. 'मला भीती वाटते' हे वाक्य मात्र त्या भाषेत बसत नव्हते. आमच्या मते ती भीती भावाच्या काळजीच्या रूपाने पत्रात उतरली.

वरिष्ठांचा पुरुषार्थाचा मापदंड याहून ठोकळेबाज होता. 'लढवय्या जाती' म्हणून पारखून घेतलेल्या याच शिपायांच्या हातांवरील जखमा १९१४ च्या हिवाळ्यात दिसू लागताच त्या त्यांनी स्वतःच करून घेतल्याचा संशय बळावला. पुढे ब्रायटनच्या किचनर रुग्णालयाचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी १००० जखमांची तपासणी केली. त्या संशयाला आधार देणारा पुरावा त्यांना सापडला नाही.