टाकळा

परवा पेठ नाक्यावर आदिवासी बाया टाकळा विकताना दिसल्या आणि मला १९७३ चा जून आठवला. १९७२ चा दुष्काळ म्हटला की लोक मिलो, सुकडी आणि खडी फोडण्याची कामं सांगतात. पण पाऊस पडला म्हणून लगेच घरात धान्य येत नाही. बाजरीलासुद्धा तीन महिने लागतात. तोवर पहिल्या सरींबरोबर उगवणारा टाकळाच गरिबाच्या तव्यावर असे. (विदर्भात ह्यालाच तरोटा म्हणतात.) गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तो माणसांना उरायचा.

मी तेव्हा सिन्नर तालुक्यात नवा मास्तर होतो. आवार स्वच्छ करायचं म्हणून मुलांकडून सगळा टाकळा उपटून घेतला, वर फळ्यावर 'तण' म्हणून लिहिलाही. शाळा सुटल्यावर पाहतो तर एक पोरगी त्या ढिगातली कोवळी पानं ओच्यात भरत होती. मला पाहताच तिने ओचा सोडून दिला. "घेऊन जा" एवढंही मला सुचलं नाही.

परवा दोन जुड्या आणल्या. सौ.ने कांदा-लसूण घालून परतली. नातवाने दुसऱ्यांदा मागून घेतली. त्याला यातलं अजून काही सांगितलेलं नाही.